ओवीची अक्षरं मोजताय? आधी ऐका

ज्ञानेश्वरीबद्दल एक समज फिरतो: ‘ओवीच्या प्रत्येक चरणात ठरावीक अक्षरं असतात, कमीजास्त भरली तर प्रत अशुद्ध.’

समज कुठून आला असेल हे कळण्यासारखं आहे. ‘मोठा अभंग’ नावाच्या छंदात अक्षरं खरोखरच बांधलेली असतात. ‘सुंदर तें ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवूनियां’ बोटांवर मोजा: सहा, सहा, सहा, चार. तोच नियम ओवीला लावला गेला असावा.

आता शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा.’ जोडाक्षर एकच धरायचं (इथेच बहुतेकांची मोजणी चुकते, माझीही चुकायची). सहा, सहा, आठ, चार. लगेच पुढची: ‘देवा तूंचि गणेशु । सकलार्थमतिप्रकाशु । म्हणे निवृत्तिदासु । अवधारिजो जी.’ सात, नऊ, सात, सहा. म्हणजे शेजारशेजारच्या दोन ओव्यांचीही मापं जुळत नाहीत.

मग बांधलेलं काय आहे? ते डोळे मिटून ऐकलं की सापडतं. आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या. गणेशु, प्रकाशु, दासु. पहिल्या तीन चरणांची टोकं एकमेकांना साद घालतात आणि चौथा, बहुधा आखूड, यमक सोडून शांतपणे उतरतो. वाचणारा लांब चरण किंचित भरभर घेतो, आखूड चरण रेंगाळवतो, म्हणून कानाला कुठेच अडखळायला होत नाही.

प्रतींमध्ये पाठभेद आहेतच. पण कोणता पाठ शुद्ध, हा निवाडा नुसत्या अक्षरसंख्येवरून होत नाही.