जामीनदार आणि सहकर्जदार: सही कुठल्या रकान्यात?

ऑफिसातला मित्र कर्जाचा फॉर्म पुढे करतो आणि म्हणतो, ‘नुसती सही हवी, हप्ते मीच भरणार.’ ती सही जामीनदाराच्या रकान्यात आहे की सहकर्जदाराच्या, हे बहुतेक जण बघतच नाहीत.

सहकर्जदाराचं म्हणाल तर कर्ज पहिल्या दिवसापासून त्याचंच. त्यातला एक रुपयाही त्याच्या हातात आला नसला, तरी बँक पूर्ण रक्कम त्याच्याकडे मागू शकते. घराच्या सहमालकाला बँका सहसा सहकर्जदार करतात, ते रास्तच आहे. मित्राच्या गाडीसाठी मात्र सहकर्जदार होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

जामीनदाराचं कर्ज दुसऱ्याचं असतं. कर्जदाराने थकवलं तर मी भरीन, एवढा त्याचा शब्द. इथेच मोठी फसगत होते. ‘बँक आधी त्याच्या मागे लागेल, त्याचं घर विकेल, मग माझ्याकडे येईल’ असं लोक धरून चालतात. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करून पाहावेत आणि मगच जामीनदाराकडे यावं, असं बंधन बँकेवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

नोकरदारांच्या पतसंस्थेत झळ थेट पगाराला बसते. पगारातून कपातीचा करारनामा सभासदाने लिहून दिला असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली नोकरी देणारा ती रक्कम कापून संस्थेला देतो. जामीनदार म्हणून सही करताना कागदांच्या गठ्ठ्यात हा करारनामाही आहे का, ते पाहा. कोर्टाची जप्ती वेगळी: तिथे अशा कर्जाच्या वसुलीत पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो.

खरा फरक पैसे भरल्यावर कळतो. जामीनदाराने भरलेली सगळी रक्कम तो कर्जदाराकडून मागू शकतो (करार कायद्याचं कलम १४५), शिवाय बँकेकडच्या तारणावर त्याचा हक्क येतो (कलम १४१). सहकर्जदाराला, वेगळं ठरलं नसेल तर, फक्त दुसऱ्याच्या वाट्याचे पैसे मागता येतात.

जामीनदाराला आणखी एक संरक्षण आहे. त्याला न विचारता बँकेने कर्जाच्या अटी बदलल्या, तर त्यापुढच्या व्यवहारांतून तो सुटतो (कलम १३३). पण छापील जामीनपत्रात ‘हे हक्क मी सोडतो’ असं वाक्य अनेकदा असतंच. ते बारीक अक्षरात, शेवटच्या पानांवर सापडतं.