रक्तातला मार्कर आणि गाठीतला मार्कर

नागपुरात हेल्थ चेकअपच्या पॅकेजात हल्ली 'कॅन्सर मार्कर'ही असतात. अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडल्या जाणाऱ्या सीए-१२५ या मार्करचा आकडा जरा जास्त आला की अख्खं घर हादरतं. उलट बायोप्सीच्या रिपोर्टात 'हर-२ पॉझिटिव्ह' (हर-२ हा गाठीतला मार्कर) दिसलं की नातेवाईक विचारतात, हा आणखी कोणता कॅन्सर निघाला? या दोन मार्करांची गल्लत रोज होते.

रक्तातला मार्कर म्हणजे रक्तात आढळणारं एक प्रथिन. ते गाठ सोडते, पण निरोगी पेशीही सोडतात, आणि घोळ तिथेच आहे. सीईए हे असंच एक प्रथिन १९६५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडलं. पुढे कळलं की सिगारेट ओढणाऱ्यांतही ते वाढतं. सीए-१२५ पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तेव्हा) चढतं. पोटाचा टीबी तर पक्का फसवा: पोटात पाणी, वजन उतरलेलं, आकडा चढलेला, म्हणजे थेट अंडाशयाच्या कॅन्सरचं चित्र. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर चाचणी झाली. सीए-१२५ आणि सोनोग्राफीने तपासत राहूनही अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू घटले नाहीत, हे २०२१ मध्ये स्पष्ट झालं. त्यामुळे काही त्रास नसताना हौसेने ही तपासणी करणं मला पटत नाही. निदान आधीच झालं असेल, तर मात्र हाच आकडा कामाचा. ऑपरेशन-केमोनंतर तो उतरतोय की पुन्हा चढतोय, हे बघायचं. शक्यतो एकाच लॅबमधून.

गाठीतला मार्कर कॅन्सर आहे का, हे सांगायला नसतोच. ते आधी ठरलेलं असतं. कोणतं औषध लागू पडेल, हे तो सांगतो. स्तनाच्या काही गाठींत हर-२ जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात आणि असा आजार जास्त आक्रमक असतो, हे अमेरिकी कॅन्सरतज्ज्ञ डेनिस स्लॅमन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं. त्याच हर-२ वर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रयोगशाळेतलं निरीक्षण रुग्णाच्या सलाइनपर्यंत पोचायला अकरा वर्षं गेली. रिपोर्टात हर-२ पुढे ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करून घ्यायची. केरास (KRAS) या जनुकाचं उलटं. आतड्याच्या गाठीत त्यात बदल सापडला, तर सेटुक्सिमॅब हे औषध सहसा एकटं चालत नाही. महागडं औषध वाया जाण्याआधीच थांबतं.

हे सगळं मेणाच्या ब्लॉकवर होतं, म्हणजे मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर. मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात जाताना लोक फायली नेतात आणि ब्लॉक इथेच राहतो. रक्ताचा रिपोर्ट शिळा होतो, ब्लॉकवर वर्षांनंतरही नवी तपासणी करता येते. तो मागून घ्या.

आणि आपल्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्यांना हवा असलेला मार्कर? तोंडाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची रक्ततपासणी अजून नाही. तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा-लाल चट्टा असेल, व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, तर पॅकेजचे पैसे वाचवा आणि दाताच्या डॉक्टरला तोंड दाखवा. तिथे बॅटरीच्या उजेडात बघितलं जातं, गरज पडली तर तुकडा काढला जातो.