तणनियंत्रणासाठी सुगंधी तेले

वनस्पतींची पाने, कळ्या, खोडाची किंवा फळांची साल यांतून काढलेली, हवेत सहज उडून जाणारी तेले फवारून तण करपवण्याची पद्धत. लवंग, दालचिनी, गवती चहा, सिट्रोनेला, निलगिरी, ओवा आणि संत्र्याची साल यांची तेले या कामासाठी प्रामुख्याने अभ्यासली गेली आहेत. करंज किंवा निंबोळीचे तेल या गटात येत नाही. ती न उडणारी, स्निग्ध तेले आहेत आणि त्यांचे काम मुख्यतः किडीवर चालते.

फवारणीनंतर तेल आधी पानावरचा मेणचट थर विरघळवते आणि मग पेशींची पटले फोडते. पेशीतले पाणी व क्षार बाहेर झिरपतात, कोवळे रोप उन्हात तासाभरात माना टाकते आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी पडते. लवंगेच्या तेलात हे काम युजेनॉल करते, दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्राल, ओव्यात थायमॉल, तर संत्र्याच्या सालीत लिमोनीन. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी लिंबासारख्या वासाच्या निलगिरीचे तेल गाजरगवतावर वापरून पाहिले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गाजरगवताच्या बियांची उगवण घटली, आणि फवारलेल्या रोपांत हरितद्रव्य कमी होऊन पेशीतले क्षार बाहेर पडताना दिसले.

तेल जिथे पडते तिथेच जाळते, हा या पद्धतीचा मूळ स्वभाव आहे. ग्लायफोसेट या रासायनिक तणनाशकासारखे ते पानातून शिरून मुळापर्यंत उतरत नाही. त्यामुळे बियांपासून नुकते उगवलेले, दोन ते चार पानांवरचे रुंद पानांचे तण (घोळ, माठ, गाजरगवताची रोपे) चांगले मरते. गवतवर्गीय तणाचा वाढीचा कोंब जमिनीलगत झाकलेला असतो, म्हणून पाती करपली तरी आठ-दहा दिवसांत खालून हिरवे डोके वर येते.

कोल्हापूर जिल्ह्यात हाच स्वभाव अडचणीचा ठरतो. करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात ऊस हे मुख्य पीक. लावणीनंतरचे पहिले तीन-चार महिने ऊस सावकाश वाढतो, सऱ्या मोकळ्या असतात आणि पाटाचे पाणी भरपूर असते. या काळात उसाला खरा त्रास देतात ते लव्हाळा आणि हरळी. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली साखळीने वाढतात, हरळी जमिनीतल्या खोडांवरून पसरते. दोन्हीची वरची पात जाळल्याने खालच्या साठ्याला धक्का लागत नाही. लव्हाळ्याच्या गाठीत स्वतःचेच सुगंधी तेल असते आणि या कुळातला नागरमोथा धूप-उदबत्तीत वापरला जातो, ही गंमत वेगळीच. टारफुल्याची गोष्ट आणखी अवघड. हे परोपजीवी तण उसाच्या आणि ज्वारीच्या मुळांना जमिनीखालीच चिकटते आणि वर दिसेपर्यंत पिकाचे बरेच नुकसान करून बसते. तेव्हा त्याच्या जांभळट-पांढऱ्या फुलांवर तेल मारून पिकाचे गेलेले परत येत नाही.

दुसरी अडचण हिशेबाची. परिणाम दिसायला फवारणीच्या पाण्यात साधारण पाच ते दहा टक्के तेल लागते. सोळा लिटरच्या पंपाला पाच टक्क्यांनी आठशे मिली, आणि एकरी दोनशे लिटर पाणी धरले तर दहा लिटर तेल झाले. गवती चहाच्या ताज्या पाल्यातून वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास तेल निघते. म्हणजे एका एकरावर एकदा फवारायला जवळपास दोन टन पाला ऊर्ध्वपातनाच्या (वाफेने तेल काढण्याच्या) भट्टीत घालावा लागेल. बांधावर चार गड्डे लावून घरच्या घरी तणनाशक करण्याचा जो सल्ला अधूनमधून ऐकू येतो, तो हा आकडा मांडला की तिथेच थांबतो. लवंगेच्या कळ्यांतून तेलाचा उतारा कितीतरी जास्त, पण मुळात लवंगच महाग. शिवाय तेल काही दिवसांत उडून जाते, मातीत उरत नाही. जमिनीसाठी ही चांगली बाब असली तरी पुढच्या पाण्याला उगवणाऱ्या तणासाठी पंप पुन्हा पाठीवर घ्यावा लागतो. ॲट्राझिन हे रासायनिक तणनाशक मातीत राहून तण उगवण्याआधीच अडवते, तसे काम या तेलांकडून शेतात होत नाही.

हवामानाचाही भाग आहे. फवारणीनंतर काही तास पान कोरडे राहायला हवे आणि ऊन असेल तर परिणाम अधिक. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याच्या पश्चिम भागात भाताच्या हंगामात अशी उघडीप क्वचितच मिळते. शिरोळच्या बाजूला ती सहज मिळते.

मग ही पद्धत चालते कुठे? परसबाग, रोपवाटिकेतल्या वाटा, फरशीच्या फटी, ठिबकच्या नळ्यांखालची पट्टी, गोठ्याभोवतीची जागा, आणि रासायनिक तणनाशक वर्ज्य असलेले सेंद्रिय भाजीपाल्याचे छोटे वाफे. ही तेले पीक आणि तण असा भेद करत नाहीत. म्हणून ओळींमध्ये फवारताना नोझलला हूड (फवारा बाजूला उडू न देणारे झाकण) लावावा लागतो, नाहीतर उसाची कोवळी पातही भाजते. उसात भांगलणीला (खुरप्याने तण काढायला) बायका मिळत नाहीत ही तक्रार खरी असली, तरी तिथे खुरपे, कोळपणी आणि खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट न जाळता सरीत आच्छादन करणे हेच अजून स्वस्त आणि भरवशाचे उपाय आहेत.

तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे ते आधी पोटॅश साबणासारख्या द्रावणात घोळून मग हळूहळू पाणी घालतात आणि फवारताना पंप हलवत राहतात. तसे न केल्यास तेल वर तरंगते. सुरुवातीला नुसते पाणी फवारले जाते आणि शेवटच्या लिटरभरात सगळे तेल येऊन तेवढाच तुकडा जळतो. संत्र्याच्या सालीचे तेल पंपातले रबरी वायसर फुगवते, त्यामुळे काम झाल्यावर पंप लगेच साबणाच्या पाण्याने धुतात.

वनस्पतिज रसायनांचा मोठा उपयोग थेट फवारणीपेक्षा नव्या तणनाशकांचे नमुने म्हणून झाला आहे. बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी उगवते, या १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या निरीक्षणातून लेप्टोस्पर्मोन हा घटक हाती लागला. त्याच्या रचनेवरून मेसोट्रायोन हे तणनाशक तयार झाले आणि २००१ च्या सुमारास ते मक्यासाठी बाजारात आले. सिनमेथिलिन हे तणनाशकही सिनिओल या सुगंधी तेलातल्या घटकाच्या रचनेवर बेतलेले आहे. ही दोन्ही मात्र कारखान्यात बनणारी रसायने. त्यांना सेंद्रिय म्हणता येत नाही.

तीव्र लवंगतेल आणि दालचिनीतेल कातडीवर आग करतात, डोळ्यांना इजा करतात; हातमोजे आणि चष्मा इथेही लागतो. लवंगतेल मासे गुंगवण्यासाठी वापरले जाते, यावरून त्याचा पाण्यातला परिणाम ध्यानात यावा. पंप विहिरीत, ओढ्यात किंवा पंचगंगेच्या घाटावर धुऊ नये. भारतात तणनाशकांची विक्री १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येते आणि नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे होते. दुकानात ‘जैविक तणनाशक’ म्हणून दिलेल्या बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि घटकांचे प्रमाण छापलेले नसेल, तर आत नेमके काय आहे हे दुकानदारही सांगू शकत नाही.