तपकिरी पडलेली मोरपंखी तहानलेलीच असते का?

मोरपंखी, जुनिपर किंवा सायप्रस तपकिरी पडू लागलं की ‘पाणी कमी पडतंय, रोज घाला’ हा सल्ला ठरलेला. कधी तो बरोबरही असतो, पण न तपासता पाळला तर मुळं कुजून झाड जातं.

आधी तपकिरी भाग कुठे आहे ते पाहा. फक्त खोडाजवळची जुनी पानं वाळली असतील आणि शेंडे हिरवे असतील, तर ती नैसर्गिक पानगळ आहे. काही करू नका.

पानं ठिपकेदार, राखाडी-पिवळट दिसली तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले की समजा, लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड लागली आहे. पाण्याचा जोरदार फवारा फांद्यांच्या आतपर्यंत मारा, 4-5 दिवसांनी पुन्हा मारा, कारण अंडी मागे राहतात. बागायती तेल (किडीवर फवारायचं तेल) चालतं, पण निळ्या स्प्रूसवर, म्हणजे निळसर पानांच्या सूचिपर्णी झाडावर, मुळीच नको: त्याने पानांवरचा निळसर मेणाचा थर जातो.

सगळं झाडच फिकट पडत असेल तर 5-7 सेंटीमीटर खोल माती चाचपा. ती ओली असेल तर मुळं बघा. निरोगी मूळ आतून पांढरं असतं. कुजलेलं तपकिरी, मऊ, आणि ओढताच त्याची साल निसटते. पाणी थांबवा, निचरा सुधारा, खत देऊ नका.

छाटताना जपून: ‘यू’ या झाडासारखे अपवाद सोडले तर पानं नसलेल्या जुन्या लाकडावर बहुतेक कोनिफरना (मोरपंखी, जुनिपरसारख्या सूचिपर्णी झाडांना) नवी फूट येत नाही.