महिन्यात दडलेला चंद्र

पंचांगात आपण ‘मास’ वाचतो आणि बोलताना ‘महिना’ म्हणतो. पहिला शब्द संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून. पण दोघांचे मूळ एकच असून त्या मुळाचा अर्थ चंद्र असा होता. फारसीत ‘माह’ म्हणजे चंद्रही आणि महिनाही. संस्कृतात मात्र ‘मास्’ शब्दाचा हा अर्थ हळूहळू मागे पडला आणि ‘पूर्णमास’, म्हणजे पुरा भरलेला चंद्र, यासारख्या शब्दांत किंवा ‘चंद्रमा’च्या शेवटच्या अक्षरात तेवढा शिल्लक राहिला.

इंग्रजीतील ‘मून’ व ‘मंथ’, लॅटिनमधील महिनावाचक ‘मेन्सिस’ आणि ग्रीकमधील ‘मेन’ हे सगळे याच कुळातले. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या कुळाचा संबंध ‘मोजणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. आपले ‘मात्रा’ आणि ‘परिमाण’ हे शब्दही त्याच धातूचे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, आणि दिवस फार लहान व वर्ष फार मोठे वाटणाऱ्या माणसाला कोणत्याही उपकरणाविना वापरता येणारे दुसरे माप आकाशात नव्हते.

मापाचा शब्द असा महिन्याकडे गेल्यावर अनेक भाषांनी चंद्राला त्याच्या उजेडावरून नवे नाव दिले. ‘चंद्र’ हे मुळात ‘तेजस्वी’ अशा अर्थाचे विशेषण असून ऋग्वेदात ते सोन्यासाठीही येते. म्हणजे चंद्रमा हा ‘झळकणारा मास्’. इंग्रजीतील ‘कँडल’ शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, तो याच शब्दाचा दूरचा नातलग मानतात. लॅटिन ‘लुना’ही प्रकाशवाचक धातूवरूनच घडला आहे, आणि त्याच धातूचे फारसी रूप ‘रोशन’ आपल्याकडे गणेशोत्सवातील रोषणाईत दिसते. ग्रीक ‘सेलेने’चे नाते ‘सेलास’, म्हणजे झळाळी, या शब्दाशी लावतात. १८१७ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसला सापडलेले मूलद्रव्य गुणधर्मांनी टेल्युरियमसारखे होते आणि टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून ठेवलेले होते, म्हणून त्याने नव्या मूलद्रव्याला चंद्राचे नाव देऊन ‘सेलेनियम’ म्हटले.

चंद्र आणि महिना यांची ही जोडी केवळ या एका भाषाकुळाची मिरास नाही. तुर्कीतील ‘आय’, चिनीतील ‘युए’ आणि स्वाहिलीतील ‘म्वेझी’ हे शब्द दोन्ही अर्थांनी चालतात, आणि या भाषांचे ना एकमेकींशी नाते आहे ना संस्कृतशी. तमिळमधील ‘तिंगळ’ तर चंद्र, महिना आणि सोमवार अशी तिहेरी कामगिरी बजावतो. शेजारच्या कन्नडमधील ‘तिंगळु’ रोजच्या बोलण्यात आता महिन्यापुरताच उरला आहे; ‘मास्’च्या वाट्याला आले तेच त्याच्याही.

जुन्या अर्थाप्रमाणे जुना उच्चारही कधी कधी एखाद्या नावात अडकून राहतो. ‘चंद्र’चे आरंभीचे रूप ‘श्चंद्र’ असे होते आणि वेदातल्या काही समासांत ते तसेच आढळते. पुढे सुट्या शब्दातला ‘श्’ गळून पडला. पाणिनीच्या काळापर्यंत हे रूप इतके अनोळखी झाले होते, की एका ऋषीच्या नावात मधेच येणाऱ्या या ध्वनीसाठी त्याला स्वतंत्र सूत्र लिहावे लागले. ते नाव हरिश्चंद्र. हरिश्चंद्रगडावर जाणारे आजही तो ‘श्’ उच्चारतात.