न बोलणाऱ्या श्रीमंतीची भाषा

फिलाडेल्फिया शहरातून पश्चिमेकडे निघालेली लोकल गाडी ओव्हरब्रुक, मेरियन, नार्बर्थ, विनवुड, आर्डमोर, हॅवरफर्ड, ब्रिन मॉर अशी स्थानके घेत पाओलीकडे जाते. अमेरिकेत या पट्ट्याला ‘मेन लाइन’ म्हणतात, कारण तो पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीच्या मुख्य मार्गाच्या कडेने वसला आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिन मॉरजवळचा मार्ग सरळ करण्यासाठी कंपनीने शेतजमिनी विकत घेतल्या, उरलेल्या जमिनीचे मोठे भूखंड पाडले आणि तिथे ठरावीक रकमेपेक्षा स्वस्त घर बांधता येणार नाही, अशी अट घातली. पुढे कंपनीचे अध्यक्ष झालेले अलेक्झांडर कॅसॅट स्वतः हॅवरफर्डला राहत. पिढीजात पैसा आणि नवा पैसा एकमेकांकडे कसे पाहतात, हे समजून घ्यायचे असेल, तर अमेरिकेत या उपनगरांइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

मराठीत पिढीजात पैसेवाल्याला आपण आदराने गर्भश्रीमंत म्हणतो, आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण बहुधा नव्याने पैसा आलेल्याच्या वाट्याला येते. म्हणीने निवाडा आधीच केलेला असतो: गप्प राहणारा खोल आणि दाखवणारा उथळ. गेल्या पंचवीसेक वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर जे काम केले आहे, ते वाचल्यावर हा निवाडा मला मान्य करता येत नाही. गप्प राहणे हेही दाखवणेच असते. ते कोणाला दिसावे, एवढेच वेगळे असते.

पीटर वाइडनर यांचे उदाहरण घेऊ. खाटकाचा व्यवसाय करणाऱ्या या माणसाने यादवी युद्धाच्या काळात सैन्याला मांस पुरवून भांडवल उभे केले आणि पुढे ट्रामच्या धंद्यात अफाट पैसा मिळवला. फिलाडेल्फियाच्या जुन्या घराण्यांनी मात्र त्यांना आपल्यात घेतले नाही. तेव्हा त्यांनी मेन लाइनपासून दूर, शहराच्या उत्तरेला असलेल्या एल्किन्स पार्कमध्ये ‘लिनवुड हॉल’ हा ११० खोल्यांचा वाडा बांधला. तो १९०० मध्ये पूर्ण झाला. वाड्याचे बांधकाम चालू असतानाच, १८९९ मध्ये, थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. नुसता पैसा असून प्रतिष्ठा मिळत नाही, तो असल्याचा पुरावा लोकांच्या डोळ्यांसमोर यावा लागतो, आणि म्हणून उपयोगापेक्षा कितीतरी जास्त खर्च केला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. लिनवुड हॉलला हे वर्णन चपखल लागू पडते.

परंतु व्हेब्लेन यांच्या कल्पनेतून एक कोडे सुटत नाही. जर दाखवल्यानेच मान मिळत असेल, तर जुन्या घराण्यातला माणूस कोपरांवर विरलेला कोट आणि वीस वर्षांची गाडी वापरूनही मानाने कसा वावरतो? या कोड्याचे सर्वांत नेमके उत्तर निक फेल्टोविच, रिचमंड हार्बो आणि टेड टो या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एका गणिती प्रतिमानातून दिले. समाजात कमी, मध्यम आणि उच्च असे तीन स्तर आहेत असे माना. मध्यम स्तरातल्या माणसाला आपण खालचे नाही हे सिद्ध करायचे असते, म्हणून तो संकेत देतो, म्हणजे खर्च करून दाखवतो. उच्च स्तरातल्या माणसाबद्दल लोकांना आधीच इतर मार्गांनी बरीच माहिती असते, त्यामुळे त्याला कोणी खालचा समजण्याची शक्यताच नसते. त्याला फक्त मध्यमांपासून वेगळे दिसायचे असते. मग दाखवणे सोडून देणे हाच त्याचा संकेत ठरतो. नवीन नेमणूक झालेला प्राध्यापक दारावरच्या पाटीवर सगळ्या पदव्या लिहितो, आणि ज्याचे काम सर्वांना ठाऊक आहे, तो नुसते आडनाव लिहितो, त्यातला हा प्रकार आहे.

या प्रतिमानाचा गाभा ‘आधीच असलेली माहिती’ या अटीत आहे, आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच येऊन ठेपतो. आर्डमोरच्या स्थानकावर सर्वांना ज्याचे आडनाव ठाऊक आहे, त्याने जुनाट गाडी चालवली, तर ती साधेपणा म्हणून वाचली जाते. तीच गाडी कालपरवा तिथे राहायला आलेल्या माणसाने चालवली, तर ती परवडत नसल्याची खूण ठरते. संयमाचा फायदा मिळण्यासाठी आधी ओळख असावी लागते, आणि नव्या श्रीमंताकडे नेमकी तीच नसते. केर्विन चार्ल्स, एरिक हर्स्ट आणि निकोलाय रुसानोव यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकी कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास याच दिशेने जातो. कपडे, दागिने आणि गाड्या यांसारख्या चारचौघांत दिसणाऱ्या वस्तूंवर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कुटुंबे तेवढ्याच उत्पन्नाच्या गोऱ्या कुटुंबांपेक्षा खर्चाचा मोठा वाटा लावतात, असे त्यात आढळले. आणि या फरकाचा बराच मोठा भाग संस्कृतीने किंवा स्वभावाने नव्हे, तर ज्या समूहात तो माणूस गणला जातो त्या समूहाच्या सरासरी उत्पन्नाने उलगडला. अनोळखी माणूस आपल्याला गरीबच धरणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दाखवावे लागते. याला उथळपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

गप्प श्रीमंतीही स्वस्त नसते. यंग जी हान, जोसेफ नून्स आणि झेव्हियर ड्रेझ यांनी २०१० मध्ये महागड्या हँडबॅगांच्या किमती तपासल्या, तेव्हा ज्या बॅगांवर कंपनीचे चिन्ह ठळक होते, त्या सर्वसाधारणपणे त्याच कंपनीच्या चिन्ह लपवलेल्या बॅगांपेक्षा कमी किमतीच्या निघाल्या. ग्राहक चिन्ह न दिसण्यासाठी जास्त पैसे देत होते. अशी बॅग कोणाची आहे आणि केवढ्याची आहे, हे फक्त जाणकारालाच ओळखता येते, आणि त्या ग्राहकाला नेमके तेच हवे असते.

हे जाणकारपण कुठून येते? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डिग्बी बाल्टझेल स्वतः फिलाडेल्फियाचे होते आणि त्यांनी आपल्याच शहराच्या वरच्या वर्गाचा आयुष्यभर अभ्यास केला. ठरावीक शाळा, ठरावीक चर्च, ठरावीक क्लब आणि ‘सोशल रजिस्टर’ ही १८८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली प्रतिष्ठित घराण्यांची नामावली, अशा संस्थांमधून हा वर्ग घडत जातो, असे त्यांनी दाखवले. मराठी वाचकाला गंमत वाटेल, पण या घराण्यांची एक मोठी ओळख क्रिकेट ही होती. मेरियन क्रिकेट क्लब १८६५ चा आहे, आणि १८९९ मध्ये रणजितसिंहजींचा संघ फिलाडेल्फियात खेळून गेला. बेसबॉल साऱ्या देशाचा होत असताना दोन-तीन दिवस चालणारा खेळ खेळायला पैशापेक्षा रिकामा वेळ लागतो, आणि तो लहानपणापासून मैदानावर शिकावा लागतो. वाडा एका वर्षात विकत घेता येतो, बालपण घेता येत नाही. म्हणून मला दिखाऊ खर्चापेक्षा संयमाची भिंत अधिक उंच वाटते.

भिंत उंच असली, तरी पिढ्यांच्या अंतराने ती ओलांडली जाते. वाइडनर यांचा नातू हॅरी हार्वर्डला शिकला आणि दुर्मीळ पुस्तकांचा संग्राहक झाला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा तो आणि त्याचे वडील दोघेही गेले, आणि त्याच्या आईने हार्वर्डला बांधून दिलेले ग्रंथालय आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

दरम्यान, शेजारी काय करतात, याचा परिणाम प्रत्येकावर होत राहतो. नेदरलँड्समध्ये पिनकोडनुसार निघणाऱ्या एका लॉटरीत तेव्हा जिंकलेल्या भागातील तिकीटधारकांना प्रत्येक तिकिटामागे १२,५०० युरो मिळत आणि त्यांतल्या एका घराला बीएमडब्ल्यू गाडी. तिकीट न घेतलेल्या शेजाऱ्यांनीही विजेत्यांच्या पाठोपाठ नव्या गाड्या घेतल्याचे २०११ च्या एका अभ्यासात दिसले. अमेरिकी उपनगरांबाबत क्लेमां बेले या संशोधकाने असे दाखवले आहे, की परिसरात अतिभव्य घरे उभी राहिली, की आधीच्या रहिवाशांचे स्वतःच्या घराविषयीचे समाधान घटते, जरी त्यांच्या घराची एक वीटही हललेली नसते.

आतापर्यंत मी नव्या श्रीमंताची बाजू घेतली, पण एका बाबतीत पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. ह्युनजिन कू, पॉल पिफ आणि अझीम शरीफ यांच्या २०२२ च्या अभ्यासात सामान्य लोकांची अपेक्षा अशी होती, की स्वतःच्या कष्टाने वर आलेला श्रीमंत गरिबांविषयी जन्मजात श्रीमंतापेक्षा अधिक सहानुभूती बाळगेल. प्रत्यक्ष श्रीमंतांना विचारल्यावर उलटे चित्र दिसले: जे वर आले होते, त्यांना वर येणे तितके कठीण वाटत नव्हते, आणि हीच समजूत गरिबांविषयीच्या कमी सहानुभूतीशी जोडलेली आढळली.

मेरियनमध्येच राहिलेल्या डॉ. अल्बर्ट बार्न्स यांच्याबाबत मात्र ही गोष्ट निराळी घडली. गरीब घरात १८७२ साली जन्मलेल्या बार्न्स यांनी ‘आर्जिरॉल’ या जंतुनाशक औषधावर संपत्ती मिळवली आणि रेन्वार, सेझान, मातीस यांची चित्रे घेतली. १९२३ मध्ये ती फिलाडेल्फियात मांडली, तेव्हा समीक्षकांनी त्यांची टर उडवली. त्यानंतर मेरियनमधल्या आपल्या संस्थेची दारे त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना बंद केली आणि चित्र कसे पाहावे हे शिकायला तयार असलेल्या विद्यार्थ्यांना आणि कामगारांना उघडली. भिंतींवर त्यांनी चित्रांच्या शेजारी बिजागऱ्या आणि कुलपे लावली. त्या मांडणीचा अर्थ तिथे बसून शिकल्याशिवाय कळत नसे. जुन्या घराण्यांचेच हत्यार त्यांनी उचलले होते, फक्त आत कोणाला घ्यायचे, हे बदलले होते. २०१२ मध्ये तो संग्रह मोठ्या वादानंतर फिलाडेल्फियाच्या मध्यभागी हलवण्यात आला, आणि बार्न्स यांनी आखलेल्या क्रमानेच, त्या बिजागऱ्यांसह, तो तिथे पुन्हा लावला आहे.