हेल्मेटच्या आतला वारा आणि कानातले बोळे

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र आहे. गाड्यांचा बाहेर पडणारा आवाज मोजायला तिथे वेगळा ट्रॅक आहे. अशा चाचणीत मायक्रोफोन गाडीच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर असतो, गाडी समोरून जाते आणि आकडा नोंदला जातो. तो आकडा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचा. बाइक चालवणाऱ्याच्या कानाची गोष्ट वेगळीच आहे. ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे इंजिन, चेन, सायलेन्सर सगळे मागे पडतात आणि हेल्मेटमध्ये वाऱ्याचंच राज्य सुरू होतं. गाडी पेट्रोलची असो की बॅटरीची, ८० च्या वेगाला कानापाशी फारसा फरक उरत नाही.

हवा कवचावरून सरकताना पृष्ठभागालगत खवळते, हनुवटीच्या पट्टीखाली आणि मानेपाशी कवच सोडताना भोवरे करते, व्हायझरच्या कडांना अडखळते. भोवऱ्यांमधल्या दाबाच्या चढउताराने कवच थरथरतं आणि आतली हवाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हेल्मेटच्या खालचा, हनुवटीच्या पट्टीजवळचा भाग या आवाजाचा मोठा स्रोत ठरला. यातली बहुतेक ऊर्जा खालच्या पट्टीत, साधारण ५०० हर्ट्‌झच्या आत असते. तो घुमणारा, घोंघावणारा आवाज हेल्मेटच्या थर्माकोलसारख्या थराला जुमानत नाही. तो थर धडक शोषायला आहे, आवाज अडवायला नाही. त्यामुळे महागडं हेल्मेट म्हणजे शांत हेल्मेट असं समजू नये. गालाच्या गाद्या घट्ट बसणं आणि हनुवटीखालची फट कापडी पडद्याने झाकणं, याचा फरक किमतीपेक्षा जास्त पडतो.

वेग वाढला की हा आवाज झपाट्याने चढतो. वेग दुप्पट झाला तर वाढ साधारण १२ ते १८ डेसिबल. शिवाय इथे मोजायचा तो हवेच्या तुलनेतला वेग, स्पीडोमीटरवरचा नव्हे. माळव्याचं पठार उघडं आहे, देवासच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. ८० ने जाताना समोरून २० चा वारा असेल तर कानाला ते १०० च्या वेगाचंच काम, म्हणजे ४ ते ६ डेसिबल जास्त. समोर वारा अडवणारी काच लावलेल्या बाइकवर अजून एक गंमत होते. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली खवळलेली हवा नेमकी हेल्मेटवर आदळते आणि काच नसती तर बरं, असं होतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर सीटवरून थोडं उठून पाहावं. डोकं वर गेल्याबरोबर आवाज कमी झाला तर दोष काचेच्या उंचीचा आहे, हेल्मेटचा नाही.

आता आकडे. पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये ८० च्या वेगाला कानापाशी साधारण ९० ते ९५ डेसिबल पडतात आणि १०० ओलांडल्यावर तीन आकडी डेसिबल दूर नसतात. अमेरिकेच्या निऑश या कामगार-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबल ८ तास चालतील आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, १०० ला फक्त १५ मिनिटं. इंदूरहून राऊ, महू, मानपूर, धामनोद करत महेश्वर गाठायचं म्हणजे साधारण ९० किलोमीटर, चहा धरून दोन-अडीच तास. जातानाच दिवसभराचा कोटा संपतो, परतीचा प्रवास उधारीवर. आणि विरोधाभास पाहा: पीथमपूरच्या कारखान्यात, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, कान झाकल्याशिवाय मशीनपाशी उभं राहू देत नाहीत, पण शिफ्ट सुटली की तोच माणूस बोळे काढून खिशात टाकतो आणि उघड्या कानांनी बाइकवर बसतो.

नुकसान कळायला उशीर लागतो. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी प्रत्येक कानात साधारण १५ ते १६ हजार, गेल्या की परत येत नाहीत. उतरल्यावर कान बधिर वाटणं, सूं आवाज येणं ही थकव्याची खूण. रात्रीत ते उतरतं म्हणून माणूस निश्चिंत होतो. कायमची झीज सहसा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते. मग घरी ‘मला ऐकू येतं, पण तुम्ही पुटपुटता’ अशी तक्रार सुरू होते, कारण स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि आधी तीच हरवतात.

उपाय दहा-वीस रुपयांचा आहे: फोमचे बोळे. कापूस मात्र नको. तो सच्छिद्र, खालच्या पट्टीतला घुमारा त्यातून जवळजवळ तसाच आरपार जातो. फोम चालतो तो कानाची नळी सगळीकडून बंद करतो म्हणून. केसाएवढी फट राहिली तर सगळ्यात आधी घुसतो तो खालच्या पट्टीतलाच आवाज, आणि हेल्मेटमध्ये नेमका तोच असतो. म्हणून बोळा कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो बसला कसा, हे महत्त्वाचं.

बसवायचा असा. हात धुऊन कोरडे करायचे. बोळा बोटांत फिरवत हळूहळू दाबत बारीक, बिनसुरकुतीची कांडी करायची. सुरकुती पडली तर तिथून फट राहते. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची. याने वळणदार नळी सरळ होते. हीच पायरी गाळली जाते आणि बहुतेकांचा बोळा इथेच फसतो. कांडी आत सरकवून बोटाने ३० सेकंद धरून ठेवायची, फोम फुगून नळीच्या भिंतींना टेकेपर्यंत. आता दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरून सोडा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर बोळा नीट बसला आहे. मोठा फरक पडला तर काढून पुन्हा. समोरून पाहणाऱ्याला बोळ्याचं टोक दिसत असेल तर तो उथळ आहे. उथळ बोळ्याने आपलाच आवाज डोक्यात विहिरीत बोलल्यासारखा घुमतो आणि लोक कंटाळून बोळे सोडून देतात. खरं तर तो आत नेला की घुमारा कमी होतो.

हेल्मेट घालताना अर्धी मेहनत वाया जाते. पट्टे धरून दोन्ही बाजू बाहेर ताणत हेल्मेट डोक्यावर खाली सरकवायचं, नाहीतर गालाची गादी कानाची पाळी दुमडते आणि बोळा ओढून काढते. दोरीवाले किंवा दांडीवाले बोळे कारखान्यात सोयीचे, पण हेल्मेटमध्ये दोरी अडकते आणि दांडी कानात टोचते. चष्मा हेल्मेटनंतर घालावा. बोळा लांब वाटतो म्हणून कापू नये, मग तो बाहेर काढता येत नाही. फोम टोचत असेल तर तीन पापुद्र्यांचे सिलिकॉनचे बोळे आहेत, धुऊन वापरता येतात, पण बसले की नाही हे त्यांत पटकन कळत नाही.

पाकिटावर ‘एनआरआर ३२’ (बोळा किती आवाज अडवतो त्याचा प्रयोगशाळेतला आकडा) लिहिलेलं असतं म्हणून ३२ डेसिबल वजा करू नका. सरळ हिशेब असा: आकड्यातून ७ वजा करा, उरलेल्याचं निम्मं करा. ३२ चे साधारण १२ मिळतात. तेवढेही पुष्कळ आहेत. ९४ चे ८२ झाले की तासाभराची मर्यादा १६ तासांवर जाते.

मग ट्रकचा हॉर्न ऐकू येईल का? बोळा वारा आणि हॉर्न दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात कमी करतो, त्यामुळे हॉर्न वाऱ्याच्या वर जेवढा होता तेवढाच राहतो. ९५ डेसिबलवर कान स्वतःच गोंधळलेला असतो, त्याला शांत केलं तर हॉर्न अनेकदा जास्त स्पष्ट कळतो. हे हायवेपुरतं खरं. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत २० ने जाताना वारा नसतोच, तिथे हलका आवाज हरवतो, म्हणून गावात बोळे नकोत. आधीच कमी ऐकू येणाऱ्यांनी कानाच्या डॉक्टरांना विचारूनच वापरावेत.

हेडफोनची गोष्ट उलट आहे. कानावर बसणारे हेल्मेटमध्ये मावत नाहीत आणि मावले तरी धडकेत कानाशेजारी कडक प्लास्टिक नको. कानात खुपसायचे इअरबड काही आवाज अडवतात, पण सैल बसतात, म्हणून वारा झाकण्यासाठी माणूस गाणं वाढवतो, आणि वाऱ्याच्या ९० वर स्वतः ९५ रचतो. आवाज रद्द करणारी यंत्रणा एकसुरी घुमाऱ्यासाठी बनलेली असते. हेल्मेटमधला खवळलेला दाब तिच्या मायक्रोफोनला झेपत नाही, मधूनच टकटक किंवा घुसमट जाणवते. देठवाले बड हेल्मेट घालताना आत रेटले जातात, ते दुखणं वेगळंच. रस्ता ऐकायचा असेल तर कानाच्या खाचेत बसणारे सपाट इंटरकॉम स्पीकर बरे. ते पाळीवर दाबत असतील तर जागा चुकली आहे. जागा करायला आतला थर खरवडू नये, ते हेल्मेट धडकेला निकामी होतं. स्पीकर आणि फोम बोळे एकत्र चालतात: आवाज वाढवावा लागतो, पण वाऱ्यासह सगळंच बोळ्यातून गाळलं जातं. फोन हातात धरून बोलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्यांदाच १,००० ते ५,००० रुपये दंडाचं आहे, आणि तो वाचवायला कानाशी हेल्मेटमध्ये फोन खुपसणाऱ्यांना तर सगळेच तोटे एकदम मिळतात.

पावसाळ्यात कानात बुरशी धरते, म्हणून ओला किंवा मळका बोळा घालू नये. पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल, मळ घट्ट बसला असेल तर बोळा लांबच ठेवा, तो मळ आणखी आत ढकलतो. काढताना झटका देऊ नका. बोळा फिरवत हळूच बाहेर घ्या, नाहीतर आतल्या हवेच्या ओढीने पडदा दुखतो. दाबल्यावर पुन्हा पूर्ण न फुगणारा किंवा कडक झालेला फोम फेकून द्यायचा.